कणीलाही वास तोच

आमच्या घरी एक चिपटं आहे. पितळेचं, काठाला दोन ठिकाणी चेचलेलं, बुडाचा शिक्का पुसट झालेलं. १९५८ नंतर हळूहळू किलो-ग्रॅम आले, शेर-पायली कायद्यानं मोडीत निघाली, पण माझ्या अम्मानं शेवटपर्यंत तांदूळ मोजला तो या चिपट्यानंच. दोन चिपट्यांचं एक मापटं, दोन मापट्यांचा एक शेर, चार शेरांची पायली. हे कोष्टक मला शाळेनं शिकवलं नाही, ते चुलीपुढे बसून पाठ झालं. चिपटं भरून झालं की अम्मा त्यातली एक मूठ परत मडक्यात टाकायची. रोज. घरात पाच माणसं असोत की पाहुण्यांसकट नऊ, ती मूठ मागे जायचीच. लहानपणी मला वाटायचं, बिस्मिल्ला म्हणण्यासारखीच ही एखादी रीत असेल. पुढे कळलं, महिनाअखेरचे जे दोन-तीन दिवस निभावायचे असतात, त्यांचा तो तांदूळ होता.

'कमी पैशातला स्वयंपाक' या विषयावर बोलाल का, असं मला विचारलं तेव्हा मी आधी हसलो. म्हटलं, कवीला कविता छापून आणायलाच पदरचे पैसे घालावे लागतात, तेव्हा अनुभव दांडगा आहे. पण पाककृती सांगणं माझं काम नाही. मला सांगायचा आहे तो इतिहास. राजांच्या पंगतींची, पेशव्यांच्या पक्वान्नांची वर्णनं आपल्याला पुष्कळ वाचायला मिळतात. स्वस्तात जेवणाऱ्या माणसांनी काय खाल्लं आणि तेच का खाल्लं, हे मात्र कुणी फारसं लिहून ठेवत नाही. ते म्हाताऱ्यांच्या तोंडी असतं, आणि म्हातारी माणसं गेली की तेही जातं.

मी मुळशी तालुक्यातला. सह्याद्रीच्या कुशीतला हा मुलूख. ताम्हिणीकडे पाऊस नुसता कोसळतो, आणि तोच पाऊस पौड-पिरंगुटपर्यंत येईतो बराच निवळतो. खाचरात भात, डोंगरउतारावर नाचणी आणि वरई, खाचराच्या बांधावर तूर नाहीतर पावटा. आमचं घराणं मुलाण्याचं. गावगाड्यातले बलुतेदार. जत्रेला, पिराच्या कंदुरीला बकरं हलाल करायला मुलाणी लागायचा, आणि सुगीला खळ्यावर त्याचा वाटा असायचा. भाताच्या पेंढ्या किंवा सुपानं मोजलेलं भात. पैसा क्वचितच. त्यामुळे आमच्या घरात गरिबी होती, पण ती धान्याच्या भाषेत बोलायची, रुपयांच्या नाही.

मुळशीचा भात म्हणजे आंबेमोहोर. आंब्याच्या मोहोरासारखा वास, म्हणून आंबेमोहोर. शिजत असला की गल्लीच्या टोकाला कळतं. २०१६ साली मुळशीच्या आंबेमोहोराला भौगोलिक मानांकन मिळालं. अभिमानाची गोष्ट आहे. पण हा तांदूळ पिकवणाऱ्याच्या दृष्टीनं मोठा अवघड. रोप उंच वाढतं, लोंबी भरली की वाऱ्यानं लोळतं, पीक तयार व्हायला वेळ घेतं आणि उतारा कमी देतं. दाणा आखूड आणि ठिसूळ. उखळात सडा किंवा गिरणीत घाला, तो तुटतो. म्हणजे कणी फार पडते.

आणि आमच्या भागातल्या गरीब स्वयंपाकाचा सगळा इतिहास या तुटण्यात आहे, असं मला वाटतं.

अख्खा तांदूळ पुण्याला जायचा. पेठांतल्या वाड्यांत त्याला मागणी. सावकाराचं देणं, सारा, लग्नाचं कापड, हे सगळं त्या अख्ख्या दाण्यावर भागायचं. घरात राहायची ती कणी. माझी दादी म्हणायची, "अख्खा इकायचा, तुटका खायाचा." यात तक्रार नव्हती. कारण कणी तुटकी असली तरी वास तोच. पुण्यातल्या वाड्यात मूदभात वाढला जायचा तेव्हा जो घमघमाट सुटे, तोच आमच्या मातीच्या खापरात कण्या रटरटत असताना सुटे. चूल पेटवून कण्या टाकायच्या, मीठ घालायचं, त्या पातळ ठेवल्या की पेज, आटवल्या की भात. ताक असेल तर ताकातल्या कण्या, वर लसणीची फोडणी. उरलेल्या कणीचं जात्यावर पीठ, त्याची भाकरी. एका तुटक्या दाण्यातून चार जेवणं निघत. खरं सांगायचं तर, काही जेवणं मला आजही अख्ख्या तांदळापेक्षा आवडतात. कण्या एकमेकींना धरून राहतात. अख्खा भात मोकळा होतो, मोठ्या घरातल्या माणसांसारखा.

आता थोडं मागे जातो. दादीचं माहेर आज पाण्याखाली आहे.

मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधून वीज करायची, आणि ती मुंबईच्या गिरण्यांना द्यायची, अशी टाटा कंपनीची योजना. पाणी घाटावर अडवायचं आणि बोगद्यातून खाली कोकणात भिऱ्याला सोडायचं. तिथे वीजघर. इंजिनिअरिंगच्या दृष्टीनं नामी कल्पना. पण त्यात पन्नासच्या आसपास गावं बुडणार होती, आणि बुडणारी जमीन म्हणजे खोऱ्यातली उत्तमातली उत्तम भातखाचरं. १९२० मध्ये शेतकऱ्यांना न विचारता त्यांच्या शेतांत चर खणले गेले, तिथून ठिणगी पडली. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी कामावर जाऊन बसकण मारली. विनायकराव भुस्कुटे, पांडुरंग महादेव बापट ही नेतेमंडळी. बापटांना 'सेनापती' हे नाव या लढ्यानंच दिलं. 'जान किंवा जमीन' ही इथली घोषणा. बायाही मागे नव्हत्या, त्यांनीही तुरुंगवास सोसला. तीन वर्षं हा लढा चालला. शेवटी बापटांनी रूळ अडवून गाडी थांबवली, त्याबद्दल त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली, आणि धरण झालंच. धरणाविरुद्ध शेतकऱ्यांनी केलेला जगातला हा पहिला सत्याग्रह असावा, असं राजेंद्र व्होरा यांनी आपल्या ग्रंथात दाखवलंय.

या लढ्यातली एक गोष्ट मला फार बोचते. त्या खाचरांपैकी पुष्कळशी कागदोपत्री शेतकऱ्यांची उरलीच नव्हती, ती पुण्याच्या सावकारांकडे गहाण किंवा त्यांच्याच नावावर होती. सावकारांना मोबदल्याची रक्कम पुरेशी होती. कसणाऱ्याला रकमेचं काय करायचं ते कळेना. कारण त्याचं सगळं आयुष्य रकमेवर नव्हतं, खाचरावर होतं. अख्खा दाणा सावकाराला द्यावा लागत होता हे खरं, पण खाचर होतं तोवर कणी तरी त्याची होती.

दादी तेव्हा सहा-सात वर्षांची असेल. ती सत्याग्रहाबद्दल फारसं सांगायची नाही. तिला आठवायचं ते एवढंच, की घर सोडताना तिच्या आईनं उखळ मागे ठेवलं. फार जड होतं, आणि वर डोंगरात न्यायचं तरी कशाला? तिथे भात कुठे होता? माहेरची माणसं वर सरकली, उतारावरच्या वरकस जमिनीत. तिथे राब भाजून नाचणी आणि वरई. म्हणजे एका धरणानं एका पिढीच्या ताटातला तांदूळ काढून घेतला. आपण म्हणतो, अमक्या भागातले लोक नाचणी खातात, ती त्यांची परंपरा. परंपरा असतेच. नाचणी आफ्रिकेतून हजारो वर्षांपूर्वी आपल्याकडे आली आणि डोंगरातल्या माणसांनी तिला आपली केली. पण काही घरांच्या बाबतीत त्या परंपरेला तारीखही असते. आमच्या दादीच्या माहेराला ती होती.

नाचणीला मी नावं ठेवत नाही, ठेवली तर दादी कबरीतून उठून येईल. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, हे मला आता ठाऊक आहे. दादीला ठाऊक नव्हतं. तिला एवढंच माहीत होतं, की सकाळी नाचणीची भाकरी खाल्लेल्या माणसाला दुपारपर्यंत भूक लागत नाही. रात्री नाचणीचं पीठ ताकात भिजवायचं, सकाळी ते आंबूस झालं की पाण्यात शिजवून मीठ-लसूण घालायचं. आंबील. आवणीच्या दिवसांत चिखलात उभ्या असलेल्या बायकांना ती घागरीतून जायची. शिजवायला सरपण कमी, वाढायला ताट नको, धुवायला भांडी नकोत. काटकसर केवळ धान्याची नसते, ती सरपणाची असते, पाण्याची असते, आणि बाईच्या वेळेचीही असते. हे सहसा कुणी मोजत नाही.

हुलग्याचं उदाहरण घ्या. कोकणात त्याला कुळीथ म्हणतात. आमच्याकडे हुलगे शिजवले जायचे ते आधी बैलासाठी. शिजलेले दाणे बैलाला, आणि वरचं पाणी, म्हणजे कढण, आम्हाला. त्या कढणाला लसूण, मिरची, चिंच. भाताबरोबर, म्हणजे कण्यांबरोबर, ते ओरपायचं. बैल आणि माणसं एका मापट्यात जेवत. पुरणाची डाळ शिजली की तिचं पाणी फेकायचं नाही, त्याची कटाची आमटी, हे तर महाराष्ट्रातल्या सगळ्याच घरांना माहीत आहे. आज ती आमटी पुरणपोळीइतक्याच मानानं वाढली जाते. सुरुवातीला ती एका बाईची हिकमत असणार, की सणाच्या एका डाळीतून दोन पदार्थ कसे काढायचे. ती बाई कोण, ते कुणालाच माहीत नाही.

पावसाळ्यात बाजार जवळपास बंदच. पण डोंगर उघडा. पहिल्या पावसानंतर शेवळं. ती खाजरी, म्हणून त्यांच्यात काकडाची फळं किंवा चिंच घालायची. मग टाकळा, कोवळा असेपर्यंत मेथीच्या जवळपास जाणारा. कुर्डू. भारंगी, जी उकळून पाणी काढल्याशिवाय तोंडात धरवत नाही. चाईचा मोहर. श्रावणाकडे करटुली. यातलं कुठलं कधी खायचं, कुठलं किती उकळायचं, कुठलं बाळंतिणीला द्यायचं नाही, हे ज्ञान आमच्या भागात कातकऱ्यांकडे सगळ्यात जास्त. अम्मा त्यांच्याकडूनच शिकली. एका कातकरी बाईला ती कणी द्यायची आणि बदल्यात भाजी घ्यायची. दोघींपैकी कुणालाच आपण फसलो असं वाटायचं नाही, आणि व्यवहाराची याहून चांगली कसोटी मला माहीत नाही.

कोरड्यास म्हणून सुकट आणि बोंबील. ते कोकणातून घाट चढून यायचे. मूठभर सुकट, एक कांदा, तिखट. अख्ख्या घराला पुरायचं, कारण वासावरच निम्मी भाकरी जायची. आमच्या घरी कधी मुंडी, कधी पाये यायचे, मुलाण्याचं घर म्हणून. पाये रात्रभर मंद चुलीवर. कंदुरीला पाहुणे वाढले की रश्श्यात पाणी वाढायचं आणि ते दाट करायला भाजलेलं बाजरीचं पीठ. पिरानं कधी तक्रार केली नाही.

हे झालं घरातलं माप. आता सरकारी मापाकडे येतो, कारण गरिबानं किती खावं हे ठरवण्याचा उद्योग सरकारांनीही वेळोवेळी केला आहे.

१८७६-७७ च्या मोठ्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे पुरतात असा हिशेब मांडला. पौंड म्हणजे अर्ध्या किलोहूनही कमी. दगड फोडणाऱ्या माणसाला. मद्रासेकडच्या डॉक्टर कॉर्निश यांनी त्याविरुद्ध लिहिलं, आणि आपल्याकडे पुण्याच्या सार्वजनिक सभेनं इथली परिस्थिती सरकारपुढे मांडली. टेंपलसाहेब पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले. त्या एका पौंडात मीठ-मिरची, सरपण, घरी बसलेली म्हातारी, यांचा हिशेब कुठे होता, हे मला कळत नाही.

मग दुसरं महायुद्ध आलं, १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग सुरू झालं, आणि कार्ड नावाची वस्तू आपल्या आयुष्यात आली ती अजून आहे. पन्नास-साठच्या दशकांत अमेरिकेतून पी.एल. ४८० चा गहू आला. त्याच्याबरोबर गाजरगवताचं बी आलं असं मानतात. या गवताची पहिली नोंद पुण्यातलीच. अम्मा त्याला 'अमेरिकेची उधारी' म्हणायची. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी सोमवारचं रात्रीचं जेवण सोडायला सांगितलं, आणि कित्येक घरांनी ते मनापासून पाळलं. आमच्या भागातल्या एका म्हाताऱ्याला विचारलं होतं, तुम्ही पाळत होता का? तो म्हणाला, "आमचा सोमवार आठवड्यातून तीनदा यायचा."

१९७२ च्या दुष्काळात मी तान्हा होतो. मुळशीत पाऊस अगदीच दगा देत नाही, खरी होरपळ झाली ती नगर, बीड, औरंगाबाद, सोलापूरकडे आणि आमच्या जिल्ह्याच्या पूर्वेला. पण रेशनवर मिलो सगळीकडे आला. लाल, परदेशी ज्वारी. अम्मा सांगायची, भाकरी थापता थापता फाटायची, आणि तव्यावरून काढली की लाल दगड. हे तिकडे जनावरांना घालतात, अशी कुजबुज होती. दुष्काळी कामावर सुकडी मिळायची. ज्यांनी ती खाल्ली, त्यांच्यापैकी काहींच्या डोळ्यांत आजही तिचं नाव काढलं की पाणी येतं, काहींच्या तोंडाला. याच वर्षी मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांनी महागाईविरुद्ध बायकांचे मोर्चे काढले. हातात लाटणी, थाळ्यांचा गजर. मला त्या मोर्चांबद्दल विशेष आदर आहे. घरातल्या घरात मूठ मागे टाकणाऱ्या बायका पहिल्यांदा रस्त्यावर येऊन म्हणत होत्या, की मूठ मागे टाकायलाही मडक्यात काहीतरी असावं लागतं. काटकसर हा गुण आहे हे खरं, पण तो दुसऱ्याला शिकवायचा गुण नव्हे. पोट भरलेल्यानं उपाशी माणसाला काटकसर शिकवू नये.

१९९५ नंतर एक रुपयात झुणका-भाकर आली आणि गेली. २०२० च्या जानेवारीत दहा रुपयांची शिवभोजन थाळी आली, दोन चपात्या, भाजी, वरण, भात. पुढे टाळेबंदीत ती पाच रुपयांना झाली, तेव्हा पुण्यात अडकलेल्या कित्येक मजुरांना तिनं तारलं. जानेवारी २०२३ पासून रेशनचं ठरलेलं धान्य मोफत झालं. टेंपलच्या पौंडापासून इथवरचा प्रवास काही थोडाथोडका नाही, हे मान्य करायला हवं.

सरकारांपेक्षा मला दोन बायकांबद्दल जास्त सांगावंसं वाटतं. एक लक्ष्मीबाई पाटील. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढलं, सगळ्या जातिधर्मांची पोरं एका पंगतीत. पोरं आली, पण धान्य कुठून येणार? गावोगाव मूठ-मूठ धान्य गोळा व्हायचं. एकदा तेही संपलं, तेव्हा लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र विकून पोरांना जेवू घातलं. आमच्या अम्माची मूठ आणि वसतिगृहाची मूठ, माझ्या मनात या दोन्ही एकाच मडक्यात पडतात. दुसऱ्या डॉ. कमला सोहोनी. दुर्गाबाई भागवतांची बहीण. १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवणारी ही शास्त्रज्ञ मुंबईला परत आली आणि तिनं संशोधन कशावर केलं? नीरा, ताडगूळ, कडधान्यं. गरिबाला परवडणाऱ्या अन्नात काय पोषण आहे, यावर. केंब्रिजहून परतल्यावर एखादा भारी विषय तिला सहज मिळाला असता. तिनं गरिबाच्या ताटात डोकावून बघितलं.

आता माझी स्वतःची गोष्ट, जी मी आजवर कवितेतसुद्धा आणली नाही.

माझे अब्बा एका भातगिरणीवर हमाल होते. तोवर बलुतं संपलं होतं. मजुरीत थोडे पैसे आणि थोडी कणी. म्हणजे दादीच्या माहेरी धरणानं नेलेली कणी आमच्या घरात अब्बांच्या पाठीवरून परत आली होती. मी पुण्याला बी.ए. करायला गेलो तेव्हा आम्ही तिघं मुलं एका खोलीत राहायचो, रॉकेलच्या स्टोव्हवर करून खायचो. एसटीच्या ओळखीच्या कंडक्टरबरोबर अम्मा पिशवी पाठवायची. कणी, नाचणीचं पीठ, हुलगे, वाळवलेली सुकट. पहिल्याच आठवड्यात खोलीतल्या एकानं पिशवी उघडून विचारलं, "काय रे, कोंबड्या पाळायच्या आहेत का?" तो वाईट मुलगा नव्हता. थट्टा केली, विसरून गेला. मी विसरलो नाही. त्या रात्री मी पोस्टकार्ड लिहिलं. दोनच ओळी. कणी पाठवू नका. पाठवायचाच तर तांदूळ पाठवा.

पुढच्या पिशवीत अख्खा आंबेमोहोर होता. दाणा न दाणा निवडलेला. मी तो मित्रांसमोर शिजवला. वासानं शेजारच्या खोलीतली मुलंही आली. तीन वर्षं तो तांदूळ येत राहिला. बी.ए. झालो, नोकरीला लागलो, आणि पुढे कधीतरी बहिणीच्या तोंडून सहज निघून गेलं, की त्या तीन वर्षांत घरात कणी शिजलीच नाही. अब्बांना मिळणारी कणी अम्मा गिरणीवर परत द्यायची. तीन मापटी कणीला एक मापटं अख्खा, असा बदल. आणि घरात रेशनचा तांदूळ, ज्याला वास नसायचा, किंवा असायचा तो गोदामाचा. बहीण म्हणाली, "अम्मा एकदाच बोलली. म्हणाली, पोरगं शिकतंय, त्याला तुटकं कशाला." मी अम्माला याबद्दल कधी विचारलं नाही. माफीही मागितली नाही. ती गेली तेव्हा मडक्यात मागे टाकलेली मूठभर कणी होती.

आज मुळशी बदलली आहे. हिंजवडी आमच्याच तालुक्यात, तिथे काचेच्या इमारती. खाचरांत प्लॉट पडले. आंबेमोहोर १५७ आणि आय.आर. ८ यांच्या संकरातून वडगाव मावळच्या संशोधन केंद्रानं १९८७ मध्ये इंद्रायणी जात दिली, ती उतारा चांगला देते, म्हणून शेतकऱ्यांनी तिला जवळ केलं. त्यांचं काही चुकलं नाही. खरा आंबेमोहोर थोडक्यांच्या शेतात उरला, आणि बाजारात त्याच्या नावानं दुसरेच तांदूळ विकले जातात. २०२३ हे जगभर भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं झालं, नाचणीला 'श्रीअन्न' म्हणायला लागले. मागच्या पावसाळ्यात धरणाच्या कडेच्या एका हॉटेलात नातीला घेऊन गेलो होतो. नाचणीची भाकरी, पिठलं, टाकळ्याची भाजी, दोनशे ऐंशी रुपये. भाकरी चांगली होती. खिडकीतून पाणी दिसत होतं, आणि दादीच्या आईचं उखळ त्या पाण्याखाली कुठल्या बाजूला असेल, याचा मी अंदाज घेत होतो. नात म्हणाली, "दादा, इथलं पाणी किती छान दिसतं ना?" मी हो म्हणालो. छान दिसतच होतं.

परतताना पौडच्या बाजूला एका भातगिरणीवर थांबलो. अब्बांची गिरणी केव्हाच बंद झाली, ही दुसरी. दारातच एका पोत्यात कणी होती. हातात घेऊन हुंगली. इंद्रायणीची होती बहुतेक, पण तिच्यातही आंबेमोहोराचं रक्त आहे, थोडा वास येतोच. गिरणीवाल्या पोराला म्हटलं, दोन किलो दे.

"कोंबड्यांना का, काका?" त्यानं विचारलं.

"नाही," मी म्हटलं, "घरी खायला."

त्यानं माझ्या कपड्यांकडे पाहिलं, मग गाडीकडे पाहिलं, आणि काही न बोलता काटा लावला. दोन किलो झाल्यावर वर एक मूठ टाकली.